बादलीची पाळी

सह्या अकरा वाजता व्हायच्या होत्या. वहिनीने साडेनऊलाच शेडमधलं लांब टेबल पुसून काढलं, त्यावर घरातली बरी चादर घातली आणि मधोमध चार पेनं मांडली. सह्या करणारी भावंडं तीनच, आक्का, दादा आणि बापू. चौथं पेन ऐनवेळी एखादं चाललं नाही तर असावं म्हणून. गेल्या तीन आठवड्यांत वहिनीने किती पुढचा विचार करून ठेवला होता, ते त्या चौथ्या पेनावरून कळत होतं.

शेडला घरात कारखाना म्हणत. नाव मोठं, लक्षण खोटं. भिंगं घासायची दोन चाकं, एक नळ, एक लाकडी कपाट आणि आक्का, एवढाच कारखाना. वडील गेल्यापासून एकतीस वर्षं तो तिने एकटीने चालवला होता. पुढे राहतं घर, मागे शेड, आणि शेडच्या मागच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की वाळू सुरू व्हायची ती थेट समुद्रापर्यंत. ही वाळू तिघांच्या सामाईक मालकीची. आजवर तिचा उपयोग चपलेत जाण्यापलीकडे काही झाला नव्हता. जिथे गवतसुद्धा उगवत नाही त्या जमिनीवरून भांडणार कोण? त्यामुळे या घरात वाटणी कधी झालीच नाही, आणि लोक त्याला भावंडांचं प्रेम म्हणत.

मग बापूला कंपनी सापडली.

बापू धाकटा. वय पंचावन्न, आणि लग्न, नोकरी, दाढदुखी या सगळ्याच बाबतींत ‘बघू’ म्हणत आलेला. दिवसभर फोनवर शेअरचे भाव बघायचे आणि संध्याकाळी घरातल्यांना जगाची दिशा सांगायची, हा त्याचा व्यवसाय. अशाच एका संध्याकाळी त्याने वाळूत खनिजं शोधणाऱ्या एका कंपनीला पत्र लिहिलं. कंपनीने नमुने मागवले, त्याने दहा पिशव्या पाठवल्या, आणि जो अहवाल आला तो वाचून कंपनीचा साहेब स्वतः फोनवर आला होता.

“बापू, ते पुन्हा एकदा सांगा ना,” वहिनी चादरीची सुरकुती मोडत म्हणाली.

“वहिनी, वीस वेळा सांगितलं.”

“एकविसाव्यांदा सांगितलं तर काय झिजतं तुमचं?”

बापूला तेवढंच हवं होतं. “हे बघा. लाट येते, हलकी वाळू ओढून नेते, जड कण मागे राहतात. हजारो वर्षं हेच. त्या जड कणांमध्ये मोनाझाइट नावाचं एक खनिज असतं, आणि त्याच्या पोटात दुर्मिळ मूलद्रव्यं. सेरियम, लँथॅनम, निओडिमियम.”

“ते तिसरं मला आवडतं. ते काय करतं?”

“लोहचुंबक. विजेवर चालणाऱ्या गाड्या, पवनचक्क्या, तुमच्या फोनचा स्पीकर, सगळीकडे तेच लागतं. सगळं जग हात धुऊन त्याच्या मागे लागलंय.”

“आणि आपण त्याच्यावर पस्तीस वर्षं कपडे वाळत घातले,” वहिनी म्हणाली.

दादा कराराचे कागद घेऊन आत आला. नोंदणी कार्यालयात एकोणतीस वर्षं काढल्यामुळे त्याला कुठलाही कागद शेवटच्या पानापासून वाचायची सवय होती. त्याच्या मते माणसं गोड ते पहिल्या पानावर लिहितात आणि खरं ते शेवटच्या. तो समोरच्या दाराने आला, वळसा घालून टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला आणि चष्मा पुसू लागला. सरळ आला असता तर आक्काच्या चाकाजवळून यावं लागलं असतं. तीन आठवडे तो असाच वळसा घालत होता, पण हे कुणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. म्हणजे आक्का सोडून कुणाच्या.

“कलम चौदा,” दादा म्हणाला. “पहिलं खोदकाम शेडच्या सर्वांत जवळच्या जागी. म्हणजे मागच्या दारापाशी. त्यासाठी शेड महिन्याभरात रिकामी करून द्यायची.”

“रिकामी म्हणजे?” आक्काने मान वर न करता विचारलं.

“रिकामी म्हणजे... मोकळी.”

“पाडणार का?”

“पाडणार असं लिहिलेलं नाही. ‘हटवण्यात येईल’ असं लिहिलंय.”

“मग बरं,” आक्का म्हणाली आणि तिने पुन्हा चाक फिरवलं.

वहिनी लगबगीने पुढे झाली. “आक्का, कंपनीच्या पैशांतून नवं घर बांधलं की खालची खोली तुमची. मी सांगून ठेवलंय. जिना नको, काही नको. शिवाय लिफ्ट आहेच.”

“खालच्या खोलीला लिफ्ट कशाला?”

“वर गप्पा मारायला यायचं नाही का?”

वहिनी हे अगदी मनापासून बोलत होती. तिच्या डोक्यात लिफ्टचा रंगसुद्धा ठरला होता.

* * *

आक्का त्या वेळी एका घड्याळजीचं भिंग घासत होती. सहासष्ट वर्षांची बाई, पंधराव्या वर्षी चाकावर बसली ती बसलीच. बाजारात प्लॅस्टिकची भिंगं आली, तयार चष्मे आले, तरी घड्याळजी, सोनार, शाळांच्या प्रयोगशाळा आणि दुर्बिणींचे दोन-चार वेडे अजून तिच्याकडेच येत. काचेवर गुलाबी भुकटी ओल्या नमद्याने, म्हणजे लोकरीच्या जाड तुकड्याने फिरवायची, फिरवत राहायची, आणि काच आहे की नाही असं वाटायला लागलं की थांबायचं. त्या थांबण्याच्या क्षणासाठी ती सकाळी उठत असे.

अहवालाचं पहिलं पान तिने तीन आठवड्यांपूर्वी वाचलं होतं. सर्वांत वर लिहिलं होतं, सेरियम. आणि तिच्या कपाटात, खालच्या खणात, घडी घालून ठेवलेल्या रिकाम्या पोत्यांवर छापलेलं होतं तेही सेरियमच. सेरियम ऑक्साइड. काचेला पॉलिश करायची गुलाबी भुकटी. वडिलांनी ती पन्नास वर्षांपूर्वी आणायला सुरुवात केली आणि चाकाखाली जमणारं गुलाबी पाणी रोज संध्याकाळी मागच्या दाराबाहेर, चपट्या दगडापाशी ओतायची शिस्त लावली. इकडेतिकडे नाही, तिथेच. पन्नास वर्षं, रोज एक बादली.

म्हणजे जगाला हवा असलेला तो खजिना समुद्राने आणलेला नव्हता. या घराने तो दुकानातून विकत आणला होता.

हे सांगायला तीन शब्द पुरले असते. पण सांगितलं असतं तर सगळे काय म्हणाले असते, तेही तिला तोंडपाठ होतं. आक्काला चाक सोडवत नाही म्हणून ती खोडा घालतेय. आणि त्यातला निम्मा भाग खरा होता, हीच तर पंचाईत. खरं बोलावं तर स्वार्थी ठरायचं, आणि गप्प बसून मोठ्या मनाचं व्हावं तर लबाड. आयुष्यात तिने एक ओरखड्याचं भिंग गिऱ्हाइकाला दिलं नव्हतं, आणि आता अख्खी जमीन खोटी देऊन वर शेडही घालवायची वेळ आली होती. रोज रात्री ती ठरवायची, उद्या बोलू. रोज सकाळी वहिनी लिफ्टबद्दल काहीतरी नवीन सांगायची.

* * *

पावणेअकराला भूगर्भशास्त्रज्ञ मुलगी मागच्या दाराने आत आली. सगळे पुढच्या दाराकडे डोळे लावून बसले होते, त्यामुळे बापूने हार घालायला उठावं तसं उठून तोंड भलतीकडेच केलं. मुलगी तिशीची, बुटांत वाळू, गळ्यात दोरीला अडकवलेलं छोटं भिंग, पाठीवर फावडं बांधलेली पिशवी.

“साहेब कुठे आहेत?” बापूने विचारलं.

“साहेब सह्यांच्या वेळी येतात. त्याआधी मी येते,” ती म्हणाली. “पहाटे सहापासून तुमच्या वाळूतच आहे. तुमच्या नकाशावरच्या दहाही जागा मी स्वतः खणून बघितल्या.”

बापूच्या चेहऱ्यावरचं हसू तिथल्या तिथे वाळलं.

त्याचं असं झालं होतं. कंपनीने सांगितलं होतं, समुद्रापासून शेडपर्यंत दहा जागा निवडा, प्रत्येक जागी कमरेइतकं खणा, तळाची वाळू पिशवीत भरा. बापू फावडं घेऊन मागच्या दारातून निघाला. पहिला खड्डा चपट्या दगडापाशी घेतला, कारण तिथली वाळू कायम ओलसर आणि मऊ असायची. तो होईपर्यंत ऊन चढलं. समुद्र लांब दिसू लागला. मग बापूने शितावरून भाताची परीक्षा करायचं ठरवलं. एकाच खड्ड्यातून दहा पिशव्या भरल्या, त्यांवर एक ते दहा आकडे टाकले, नकाशावर दहा ठिकाणी फुल्या मारल्या आणि घरी येऊन झोपला. वाळू ती वाळू, असं त्याचं प्रामाणिक मत होतं. ते अजूनही डळमळलेलं नव्हतं, पण आता त्याला घाम फुटला होता.

मुलीने चादरीवर दहा छोट्या पिशव्या ओळीने ठेवल्या. वहिनीने चादरीकडे बघून डोळे मिटले.

“या नऊ,” मुलगी म्हणाली, “साधी वाळू आहे. छान आहे, स्वच्छ आहे, पण काही नाही तिच्यात. ही दहावी तुमच्या मागच्या दारापाशी घेतली. हिच्यावर मूलद्रव्यं मोजायचं यंत्र धरलं की सेरियम एकदम उडी मारतं.”

“बघा!” वहिनी म्हणाली.

“पण मोनाझाइट असेल तर थोरियम असायलाच हवं. दोघं एकमेकांना सोडत नाहीत. थोरियम म्हणजे थोडा तरी किरणोत्सर्ग आला.”

“अगं बाई! आपल्याकडे किरणोत्सर्ग आहे?”

“नाही, काकू. नाहीये, हीच अडचण आहे. शिवाय जड खनिज ताटलीत पाणी घालून हलवलं की कण होऊन तळाशी बसतं. हे पिठासारखं आहे, पाणीच गढूळ करतं. आणि शेवटचं म्हणजे,” तिने बापूकडे पाहिलं, “तुम्ही पाठवलेल्या दहाही पिशव्यांचे आकडे दशांशापर्यंत सारखे आहेत. निसर्ग इतका शिस्तीचा नसतो.”

“आमच्या वडिलांची शिस्त फार कडक होती,” बापू म्हणाला.

मुलगी हसली नाही. तिने वही उघडली. “म्हणून मला एकच विचारायचंय. इथे पूर्वी कधी काही टाकलं गेलंय का? कारखान्याचा कचरा, पाणी, काहीही?”

“नाही!” दादा आणि बापू एका दमात म्हणाले.

“छे! आम्ही केरसुद्धा तिकडे लोटत नाही,” वहिनीने पदरचं घातलं. ती खोटं बोलत नव्हती. या घरात आल्या दिवसापासून तिने ती बादली जाताना पाहिली होती, पण घाण पाणी ओतण्याला कुणी ‘टाकणं’ म्हणतं का?

मुलगी लिहू लागली. चाक थांबलं होतं. दादा कलम चौदा पुन्हा वाचत होता, आणि कागद उलटा होता.

“तुझं ते गळ्यातलं भिंग दे इकडे,” आक्का म्हणाली.

“हे? कशाला?”

“धुरकट झालंय. वाळूने खाल्लंय त्याला. आल्यापासून बघतेय, तू डोळा बारीक करून बघतेस. कामाचं हत्यार असं ठेवतात का?”

मुलगी ओशाळली. दोरी काढून तिने भिंग आक्काच्या हातात दिलं. आक्काने त्याची कडी फिरवून काच सोडवली, उजेडात धरली, जिभेने च्च केलं. मग कपाट उघडलं, आतून पत्र्याचा डबा घेतला, झाकण उघडून डबा टेबलावर, अगदी मुलीच्या वहीशेजारी ठेवला. चमचाभर गुलाबी भुकटी पाण्यात कालवली आणि चाक सुरू केलं.

बापूने दादाकडे पाहिलं. दादाने छताकडे पाहिलं. एखाद्याने आपल्या घराला आपल्याच हाताने काडी लावावी आणि बाकीच्यांना फुंकरही मारता येऊ नये, तशी ती पाच मिनिटं गेली. चाकावरून गुलाबी पाणी ठिबकत होतं आणि खालच्या बादलीत पडत होतं. मुलगी आधी काचेकडे बघत होती. मग ठिबकणाऱ्या पाण्याकडे बघू लागली. मग बादलीकडे.

“आजी, ही भुकटी कसली?”

“पॉलिशची.”

“नाव काय हिचं?”

आक्काने चाक थांबवलं नाही. “दादाला विचार. आमच्या वडिलांना इंग्रजी अक्षरं वाचता यायची नाहीत. पोतं आलं की त्याच्यावरचं दादाच मोठ्याने वाचून दाखवायचा.”

आता सगळे दादाकडे बघत होते, आणि सर्वांत जास्त वहिनी.

दादाला अहवाल आला त्याच्या दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. लहानपणी शंभर वेळा वाचलेलं नाव माणूस विसरत नाही. पण त्याच संध्याकाळी वहिनी त्याच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही या जमिनीकडे कधी दुर्लक्ष केलं नाहीत, मला माहितीये.’ त्याने आयुष्यात त्या जमिनीकडे दुर्लक्षाशिवाय काही केलेलं नव्हतं. पण पस्तीस वर्षांत बायकोने त्याच्याकडे अशा कौतुकाने प्रथमच पाहिलं होतं. ती नजर हातची घालवायला त्याचा जीव धजेना. कंपनी खणेल, काही सापडणार नाही, निघून जाईल, आपलं काय जातंय, अशी त्याने स्वतःची समजूत घातली. आपलं म्हणजे कुणाचं, हा प्रश्न तेवढा त्याने स्वतःला विचारला नाही.

त्याने चष्मा काढला.

“सेरियम ऑक्साइड,” दादा म्हणाला. नोंदणी कार्यालयात दस्त वाचून दाखवायचा तसल्या आवाजात. “पंचवीस किलो. कोरड्या जागी ठेवावे.”

“तुम्हाला माहीत होतं?” वहिनीने विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“पहिल्या... दुसऱ्या दिवसापासून.”

“आणि मी लिफ्टचा रंग विचारला तेव्हा ‘निळा’ म्हणालात तुम्ही!”

“तू विचारलंस म्हणून सांगितला.”

वहिनी गर्रकन बापूकडे वळली. “आणि तुम्ही?”

“मला भुकटीचं नाव खरंच माहीत नव्हतं, वहिनी, शप्पथ. मला फक्त हे माहीत होतं की दहाही पिशव्या मी एकाच खड्ड्यातून भरल्यात.”

“एकाच?” मुलीच्या हातातलं पेन थांबलं.

“ऊन होतं हो.”

“आक्का, तुम्हाला?”

“मला पहिल्याच दिवशी कळलं होतं,” आक्का म्हणाली.

“म्हणजे या घरात मी एकटीच गाढव,” वहिनी म्हणाली आणि खुर्चीत बसली. टेबलावरची चारही पेनं तिने एकेक करून उचलली आणि पदरात घेतली. जणू आता ती पेनंही कुणी तिला न सांगता कुठेतरी नेईल.

मुलगी मात्र हळूहळू हसू लागली होती. तिने आपलं यंत्र बादलीवर धरलं, आकडा बघितला, दहाव्या पिशवीवर धरलं, पुन्हा आकडा बघितला. “एकच,” ती म्हणाली. “आणि सोबत थोडं लँथॅनम, थोडं निओडिमियम. सगळं जुळतंय. हे पाणी किती वर्षं ओतताय?”

“पन्नास. रोज एक बादली.”

“रोज? नक्की?”

आक्काने कपाटाचं दार पूर्ण उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला वडिलांनी तेलरंगाने तीन रकाने आखले होते. आक्का, दादा, बापू. त्यांखाली पेन्सिलीच्या बारीक खुणा, दाराच्या निम्म्याच्याही खाली उतरलेल्या. बादली ओतली की खूण. जागा संपली की वडील जुन्या खुणा ओल्या फडक्याने पुसत आणि वरून पुन्हा सुरू करत. कोपऱ्यात त्यांच्या वळणदार अक्षरात नियम होता: खोटे बोलल्यास दोन बादल्या जास्त. बापूच्या रकान्यात जाड खुणांची गर्दी होती.

“तुझं लग्न झाल्यावरसुद्धा पाळी चुकली नव्हती,” बापू दादाला म्हणाला. “नव्या वहिनीसमोर तू बादली घेऊन चालला होतास, आणि या विचारत होत्या, यांच्याकडे गडी नाहीत का.”

वहिनीला हसू आलं, आणि आलं याचा तिला रागही आला.

मुलीने दाराचा फोटो काढला. “अहवालात मला खनिजाचा उगम लिहावा लागतो,” ती म्हणाली. “नदी, खडक, समुद्र असं काहीतरी लिहितो आम्ही. बादली मी पहिल्यांदाच लिहिणार आहे.”

“मग करार?” बापूने आशा सोडली नव्हती.

“करार कशाचा? तुमच्या जमिनीत तुमचंच सामान सापडलंय. ते घ्यायला कंपनी कशाला लागते?”

* * *

मुलगी बाहेर जाऊन साहेबांना फोन करू लागली. शेडमध्ये चौघंच राहिली. आक्काने काच चाकावरून उतरवली, कपड्याने पुसली, आणि दादाकडे न बघता बोलली.

“तीन आठवडे तुला माहीत होतं. जमिनीत काही नाही हे माहीत होतं. तरी माझी शेड हटवायला निघालास.”

“तुलाही माहीत होतं. तू का नाही बोललीस?”

“बोलले असते तर म्हणाला असतात, हिला चाक सोडवत नाही.”

“मग, सोडवतं?”

आक्काने काच खाली ठेवली. तिचा आवाज एकदम लहान झाला. “नाही सोडवत. मला खालची खोली नको, दादा. खिडकीतून समुद्र बघत मी दोन दिवसांत मरेन. तुम्ही सगळे गेलात आपापल्या कामाला, मी इथेच राहिले. कुणी ठेवलं म्हणून नाही, मला आवडतं म्हणून. पण ते आवडणं तुमच्यापैकी एकाने तरी तीन आठवड्यांत विचारात घेतलं का?”

दादाला स्वतःची लाज वाटली. ती लपवायला एवढ्या मोठ्या शेडमध्ये त्याला जागा सापडेना.

उत्तर दिलं वहिनीने. ती उठली, पिशव्या बाजूला सारल्या, टेबलावरची चादर ओढून काढली आणि त्यातली वाळू मागच्या दारात झटकली. “आक्का, मीही नाही विचारलं,” ती म्हणाली. “मी तुम्हाला खोली देत सुटले. आता ऐका. लिफ्ट गेली, त्याचं मला वाईट वाटतंय आणि चार दिवस वाटणार आहे. त्या चार दिवसांत माझ्याशी कुणी गोड बोलायचं नाही. पण उद्यापासून या शेडबद्दल कुणी कागद आणला तर आधी माझ्याशी गाठ आहे.” मग नवऱ्याकडे वळून, “तुमच्याशी तर घरी गेल्यावर आहेच.”

“आपण घरीच आहोत,” दादा म्हणाला.

“मग इथेच आहे.”

मुलगी परत आली. आक्काने काच कडीत बसवून भिंग तिच्या हातात ठेवलं. मुलीने चिमूटभर वाळू तळहातावर घेऊन ते डोळ्याला लावलं, मग दुसरी चिमूट घेऊन पुन्हा लावलं. “मी वर्षभर आंधळीच होते की काय,” ती म्हणाली. “आजी, एक सांगू? ते पाणी वाळूत ओतू नका आता. गाळ खाली बसू द्या, वरचं पाणी काढा, गाळ पिंपात साठवा. तो पुन्हा वापरणारे लोक असतात.”

बापूचे कान टवकारले. “म्हणजे आक्काच्या बादलीला भाव आहे? आक्का, तुझे शेअर काढले तर...”

“बापू!” तिघं एकदम ओरडली.

मुलगी निघता निघता कपाटाच्या दाराशी थांबली. भिंग नवं झाल्यामुळे तिला जे दिसेल ते बघावंसं वाटत होतं. ती खुणांवरून भिंग फिरवत खाली आली. “हे मध्येच थांबलंय. शेवटची खूण आजींच्या रकान्यात आहे.”

“वडील गेले त्या दिवशीची,” आक्का म्हणाली. “पुढच्याच आठवड्यात दादाला नोकरी लागली. बापूची आधीच कुठेतरी गडप व्हायची सवय. मग कशाला खुणा करायच्या? बादली मीच ओतायचे.”

“पण रकान्याप्रमाणे पुढची पाळी...” मुलीने बोट ठेवलं आणि मान वर केली. “दादांची.”

समोरचं दार उघडं होतं. बापूने त्या दाराकडे एकदा पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं, आणि जागचा हलला नाही.

दादा उठला. या वेळी त्याने वळसा घातला नाही. सरळ चाकापाशी आला, वाकला, आणि गुलाबी पाण्याची बादली कडीला धरून उचलली. ती त्याला वाटलं होतं त्यापेक्षा जड निघाली. थोडं पाणी त्याच्या इस्त्रीच्या विजारीवर सांडलं. सह्यांसाठी खास घातलेली विजार ती.

“पिंप कुठे आहे?” त्याने विचारलं.

“नळामागे. सावकाश ओत, गाळ बाहेर सांडता कामा नये,” आक्का म्हणाली. “आणि पेन्सिल वरच्या खणात आहे. आधी ओत, मग खूण. आधी खूण करून पळायची तुझी जुनी सवय आहे.”

“आणि खोटं बोलल्याच्या दोन बादल्या जास्त,” वहिनी म्हणाली.

“त्या उद्या,” दादा म्हणाला. नळामागे त्याने पाणी अगदी सावकाश ओतलं, हात धुतले, पेन्सिल शोधली. आपल्या रकान्यात, एकतीस वर्षांच्या कोऱ्या जागेत, एक बारीक खूण केली आणि तिच्याकडे बघत उभा राहिला.

आक्काने घड्याळजीचं भिंग पुन्हा चाकाला लावलं. थोड्या वेळाने तिने सवयीने मागे न बघता पाय पुढे सरकवून बादलीचा अंदाज घेतला. रिकामी बादली जागच्या जागी परत आलेली होती.